एकटा उरलेला राजा

बुद्धिबळाचा पट ज्या घरीं नाहीं असें सुशिक्षित घर आपल्याकडे क्वचितच आढळेल. पटावर मोहरीं भरलेलीं असतात तोंवर खेळणारांना आणि भोंवतीं बसून फुकटचा सल्ला देणारांना सारखाच उत्साह असतो. पण मारामारी होतां होतां एका बाजूस राजा व एखादें मोहरें, आणि दुसऱ्या बाजूस नुसता राजा, अशी स्थिति आली कीं, "आतां काय राहिलें आहे?" असें म्हणून सोंगट्या पेटींत भरल्या जातात. ज्याचें मोहरें शिल्लक तो जिंकला, असें दोघेही गृहीत धरतात. आज मला बोलावयाचें आहे तें या गृहीताविषयीं; कारण बुद्धिबळाचा कायदा तें मानीत नाहीं.

हा प्रश्न केवळ पुस्तकी नव्हे. आमच्या नांदगाव खंडेश्वरास कांहीं वर्षांपूर्वीं शाळकरी मुलामुलींचे सामने झाले. त्यांत एका डावांत सातवींतल्या मुलापाशीं राजा व हत्ती, आणि पांचवींतल्या मुलीपाशीं एकटा राजा उरला. मुलगा शहावर शह देत सुटला. हत्ती या कडेचा त्या कडेला जाई, राजा एक घर सरके, पुन्हां शह, पुन्हां एक घर. मुलाचा राजा मात्र जागचा हालेना. मुलगी निमूटपणें प्रत्येक चाल कागदावर लिहीत होती. अखेर तिनें हात वर केला आणि पंचांना सांगितलें कीं, शेवटचें मोहरें मेल्यापासून दोघांच्याही पन्नास पन्नास चाली झाल्या आहेत, तरी डाव बरोबरींत सोडवावा. पंचांनीं कागद तपासला व तसा निकाल दिला.

मुलाचे वडील उसळले. "पोराजवळ हत्ती हाये ना, गुरुजी! मंग बरोबरी कायची?" असें त्यांनीं मलाच विचारलें, जणूं कायदा मीं केला होता. शेजारीं बसलेले एक वृद्ध गृहस्थ शांतपणें म्हणाले, "आमच्या वक्ती याले बुर्जी म्हनत." दोघांचेंही बोलणें विचार करण्यासारखें आहे. वडिलांचा प्रश्न न्यायाचा होता आणि वृद्धांचा शब्द इतिहासाचा होता. प्रथम इतिहास पाहूं.

आपल्या जुन्या देशी खेळांत प्यादें पहिल्या चालीसही एकच घर चाले, आणि शह बसलेला नसेल तर राजास एकदां घोड्याची चाल करण्याची मुभा असे. डावाच्या शेवटाचे नियमही निराळे होते. प्रतिपक्षाचीं सर्व मोहरीं मरून राजा एकटा उरला कीं ती ‘बुर्जी’. फारसींतून आलेल्या ‘बुर्द’ शब्दाचें हें आपल्याकडील रूप. बुर्जीस पुरी मात म्हणत नसत. ती अर्धी मात समजली जाई. म्हणून जाणता खेळाडू प्रतिपक्षाचें शेवटचें प्यादें मुद्दाम जिवंत ठेवून मात करूं पाही. त्यांतही प्याद्यानें केलेली मात, म्हणजे प्यादेमात, मोठ्या मानाची. ‘जिच’ हा शब्द आज आपण वाटाघाटी अडल्या म्हणजे वापरतों. तोही मूळचा पटावरचाच. राजास शह नाहीं, पण खेळावयास नियमानें एकही चाल उरलेली नाहीं, अशा कोंडीचें तें नांव.

या दोन स्थितींचा निकाल काय लावावा याविषयीं देशोदेशीं एकवाक्यता नव्हती. अरबांच्या शतरंजांत एकटा राजा उरणें ही बहुधा सरळ हारच समजली जाई, आणि जिच करणारा जिंके. इंग्लंडांत सतराव्या-अठराव्या शतकांत याच्या अगदीं उलट रीत होती. तेथें जिच करणारा हरत असे! इतकें सैन्य हातीं असून ज्याला मात करतां आली नाहीं त्याला ही शिक्षा, असा त्यांतील भाव असावा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं साराट नांवाच्या लंडनमधील बुद्धिबळशिक्षकानें जिच म्हणजे बरोबरी या नियमाचा पुरस्कार केला, आणि तो पुढें सर्वत्र रूढ झाला.

त्याच सुमारास आपल्या महाराष्ट्रांतही दोन रीतींची गांठ पडली होती. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत त्रिवेंगडाचार्य शास्त्री या दाक्षिणात्य पंडितानें ‘विलासमणिमंजरी’ हा बुद्धिबळावरील संस्कृत ग्रंथ रचला. त्याचें इंग्रजी रूपांतर शास्त्रीबुवांच्या नांवानें १८१४ सालीं मुंबईस छापलें गेलें. त्यांत मुख्यतः अमुक मोहरीं अमुक घरीं असतां मात कशी करावी अशा पटावरील निवडक स्थिति दिल्या आहेत. आणि त्या युरोपीय रीतीस जुळवून घेतल्या आहेत असें ग्रंथाच्या नांवांतच म्हटलें आहे. दोनशें वर्षांपूर्वीं एका शास्त्र्यास नियमांतील हा फरक ओळखून आपली विद्या नव्या रीतींत बसवावीशी वाटली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आमच्या गांवच्या वृद्धांचा ‘बुर्जी’ हा शब्द त्या जुन्या रीतीचाच अवशेष होय. आजचे सामने मात्र १९२४ सालीं पॅरिस येथें स्थापन झालेल्या फिडे या जागतिक संघटनेच्या नियमांनीं चालतात, आणि त्यांत बुर्जीला स्थान नाहीं. राजा एकटा उरला म्हणून अर्धें यश नाहीं कीं पूर्ण यश नाहीं. मात झाली तरच जिंकलें.

आतां वडिलांचा प्रश्न. हत्ती शिल्लक असतां बरोबरी कां? पुष्कळांना वाटतें कीं बरोबरीचे नियम दुबळ्यावर केलेली दया आहे. मला तसें वाटत नाहीं. ज्याचें बळ अधिक आहे त्याच्याकडे कायदा पुरावा मागतो, एवढाच त्यांचा अर्थ. न्यायालयांत जो हक्क सांगतो त्यानें तो शाबीत करावयाचा असतो. "मला जिंकतां आलें असतें" हें म्हणणें पटावर ग्राह्य नाहीं. आणि शाबीत करण्यास मुदतही ठरलेली आहे. पन्नास चालींची कल्पना कांहीं आजची नव्हे. रुय लोपेझ या स्पॅनिश धर्मोपदेशकाच्या १५६१ सालच्या ग्रंथांतही ती आढळते.

नियम थोडक्यांत असे. दोन्ही बाजूंच्या पन्नास पन्नास चालींत एकही मोहरें मेलें नाहीं आणि एकही प्यादें हाललें नाहीं, तर ज्याची पाळी असेल त्याला बरोबरी मागतां येते. ती मागावी मात्र लागते. आपण गप्प बसलों तर पंच आपण होऊन सांगत नाहीं. २०१४ पासून असें ठरलें आहे कीं, कोणीच मागितली नाहीं तरी पंचाहत्तर चालींनंतर पंचानें डाव थांबवावा. मात्र शेवटच्या चालीनें मात झाली असेल तर मात खरी. पटावरची तीच स्थिति, पाळीही त्याच खेळाडूची, तिसऱ्यांदा आली तर तेव्हांही बरोबरी मागतां येते. ती लागोपाठ आली पाहिजे असें नाहीं. पांचव्यांदा आली तर मागण्याची गरजच नाहीं. शिवाय कोणत्याही नियमबद्ध चालींनीं मात होणेंच अशक्य, अशी स्थिति येतांच डाव तेथेंच संपतो. राजाविरुद्ध राजा, किंवा राजाविरुद्ध राजा व एकच उंट वा एकच घोडा, हीं त्याचीं उदाहरणें. एकट्या उंटानें वा एकट्या घोड्यानें एकट्या राजास मात बसूंच शकत नाहीं, मग प्रतिपक्षी कितीही वेडेपणा करो.

हत्तीची गोष्ट निराळी. राजा व हत्ती यांनीं एकट्या राजास मात करण्यास, पटावरील वाईटांत वाईट स्थितींतूनही, सोळा चाली पुरतात. म्हणजे त्या मुलाजवळ पन्नास चालींची मुदत होती आणि काम सोळांचें होतें. मग तें कां झालें नाहीं? कारण नुसत्या शहानें राजा मरत नाहीं. शह म्हणजे राजाला दिलेला धक्का. धक्का बसला कीं तो सरकतो, इतकेंच. ज्यांच्या घरीं पट असेल त्यांनीं तो पुढें ओढून घ्यावा. हत्तीचें खरें काम रेघ आंखण्याचें आहे. काळ्या राजाच्या अलीकडील आडव्या ओळींत हत्ती ठेवला कीं त्या राजाला ती ओळ ओलांडतां येत नाहीं. शेतकरी बांध घालतो तसा हा बांध. मग आपला राजा पाऊल पाऊल पुढें आणावा. काळा राजा हत्तीच्या अंगावर चालून आला तर हत्तीनें त्याच ओळींत दूरच्या टोंकास जावें. असें करतां करतां दोन राजे एकमेकांसमोर, मध्यें एकच घर सोडून, उभे राहिले आणि पाळी आपली असली, तर तेव्हांच शह द्यावा. समोरचीं तिन्ही घरें आपल्या राजानें अडविलेलीं असल्यामुळें काळ्याला एक ओळ मागें हटणें भाग पडतें. बांध एक ओळ पुढें गेला. कधीं कधीं राजे समोरासमोर येण्यास एक घर कमी पडतें; अशा वेळीं हत्तीनें त्याच ओळींत एक रिकामी चाल करावी, म्हणजे सरकण्याची सक्ति काळ्यावर येते. शेवटच्या ओळींत मागें हटावयास घर उरत नाहीं, आणि तोच शह मात होतो. यांत बुद्धीपेक्षां धीराची परीक्षा आहे. एकदां हातांत बसली कीं ही मात लहान मुलेंही दोन मिनिटांत करतात.

वजिरानें तर दहाच चालींत मात होते, पण तेथें धोका निराळा. काळा राजा कोपऱ्यांत असतां वजीर त्याच्यापासून घोड्याच्या अडीच घरांवर नेऊन ठेवला, कीं शह न बसतां राजाचीं तिन्ही घरें बंद होतात. जिच! वजीर हातीं असून अर्धा गुण गमावल्याचीं जितकीं उदाहरणें मीं पाहिलीं, तितकीं दुसऱ्या कोणत्याही चुकीचीं नाहींत. घाईनें जिंकूं पाहणाऱ्याचा हा ठरलेला सांपळा आहे.

दोन्ही रंगांचे दोन उंट असतील तर एकोणीस चालींपर्यंत मात होते. सर्वांत अवघड जोडी उंट व घोडा यांची. त्यांनीं मात करतां येते, पण राजाला पटाच्या कडेला रेटून भागत नाहीं. ज्या रंगाच्या घरांतून आपला उंट फिरतो त्याच रंगाच्या कोपऱ्यांत त्याला न्यावें लागतें. काळा राजा अर्थातच दुसऱ्या रंगाच्या कोपऱ्याकडे पळतो. तेथून त्याला कडेकडेनें हुसकीत आणण्याची एक युक्ति आहे, आणि ती ठाऊक असली तर तेहेतीस चालींच्या आंत काम होतें. ठाऊक नसली तर? २०१३ सालीं जिनीव्हाच्या महिला ग्रां प्री स्पर्धेंत युक्रेनची आना उशेनिना ही रशियाच्या ओल्गा गिर्याविरुद्ध नेमक्या याच मोहऱ्यांनिशीं खेळत होती. उशेनिना त्या वेळीं महिलांची जगज्जेती होती. पन्नास चालींत तिला मात करतां आली नाहीं, आणि डाव बरोबरींत सुटला. ही हकीकत मीं पुढें त्या सातवींतल्या मुलाच्या वडिलांना सांगितली, तेव्हां त्यांचा राग बराच निवळला.

दोन घोड्यांची तऱ्हा तर अजबच आहे. दोन घोडे व राजा मिळून एकट्या राजाला मात बसेल अशी स्थिति पटावर मांडतां येते, पण ती सक्तीनें आणतां येत नाहीं. प्रतिपक्षी शुद्धीवर असेल तर बरोबरी ठरलेली. मात करावयास जावें तों ऐन वेळीं जिच होते. आतां त्या एकट्या राजाच्या मदतीस एक प्यादें द्या. आपल्याला वाटेल कीं त्याची बाजू बळावली. पण कित्येकदां तो यामुळेंच हरतो! राजा कोंडला गेला तरी प्याद्याची चाल शिल्लक असते, म्हणून जिच होत नाहीं. तें प्यादें चालावेंच लागतें, आणि तेवढ्या अवधींत दुसरा घोडा येऊन मात करतो. अलेक्सेई त्रोइत्स्की या रशियन पंडितानें विसाव्या शतकाच्या आरंभीं या एकाच प्रकाराचा वर्षानुवर्षें छडा लावला, आणि प्यादें कोठवर अडवून धरलें असतां विजय निश्चित आहे तें ठरवून दिलें. अशा कामाला आयुष्य द्यावें काय, असें कोणी विचारील. ज्यानें व्याकरणांत आयुष्य घालविलें त्याला तसें वाटणार नाहीं.

याच्या उलट, प्यादें असून उपयोग नाहीं असाही एक प्रसंग घरोघरीं येतो. पांढऱ्याजवळ उंट व अगदीं कडेच्या उभ्या ओळींतील एक प्यादें आहे. प्यादें शेवटच्या घरीं पोंचलें कीं वजीर होणार. पण त्या शेवटच्या घराचा रंग उंटाच्या रंगाहून निराळा असला आणि काळा राजा त्या कोपऱ्यांत आधीं जाऊन बसला, तर त्याला तेथून काढण्याचें साधन पांढऱ्यापाशीं नाहीं. जोर करावयास जावें तों जिच होते. म्हणून शेवटीं कोणता उंट मारूं द्यावा आणि कोणता राखावा, याचा विचार दहा चाली आधींच करावा लागतो.

यंत्रांनीं या क्षेत्रांत आपल्या पुष्कळ समजुती खोट्या पाडल्या. एका घोड्याविरुद्ध दोन उंट असतां घोड्याच्या बाजूला एका कोपऱ्यालगत ठाण मांडून बरोबरी राखतां येते, असें क्लिंग व हॉरविट्झ यांनीं १८५१ सालीं लिहिलें होतें, आणि सव्वाशें वर्षें सर्वांनीं तें मानलें. १९८३ सालीं केन थॉम्पसन या अमेरिकन संगणकतज्ज्ञानें यंत्राकडून सर्व शक्य स्थिति तपासून घेतल्या, तेव्हां दिसून आलें कीं बहुतेक सर्व स्थितींत दोन उंटच जिंकतात. मात्र कधीं कधीं पन्नासांहून अधिक चाली लागतात. अशा कांहीं प्रकारांना कांहीं वर्षें अधिक चालींची सवलत दिली गेली. परंतु यंत्र दररोज नवे अपवाद शोधूं लागलें, आणि १९९२ सालीं त्या सवलती रद्द होऊन सर्वांना पुन्हां पन्नास हाच नियम राहिला. मॉस्को विद्यापीठांत २०१२ पर्यंत सात मोहऱ्यांच्या स्थितींचा हिशेब पुरा झाला. त्यांतील सर्वांत लांबची मात ५४९ चालींची निघाली. ती खरी असेल. पण दोन माणसांनीं समोरासमोर बसून खेळावयाच्या खेळांत ५४९ चालींचा हक्क कोणाला द्यावा? फिडेनें पन्नासांवर थांबण्यांत शहाणपणाच केला असें माझें मत आहे.

अर्थात् पुष्कळ चाली झाल्या म्हणजे डाव लांबविला असें नव्हे. प्यादें हाललें वा मोहरें मेलें कीं मोजणी पुन्हां एकापासून सुरू होते. आपल्या शेजारच्या नागपूरची दिव्या देशमुख हिनें २०२५ च्या जुलै महिन्यांत जॉर्जियांतील बातुमी येथें महिलांचा विश्वचषक जिंकला. तेव्हां उपांत्य फेरींत माजी जगज्जेती तान चोंगयी हिच्याविरुद्धचा तिचा डाव १०१ चाली चालला होता. अंतिम सामन्यांत कोनेरू हंपी यांच्याशीं पहिले दोन संथ डाव बरोबरींत सुटले, पहिला जलद डावही बरोबरींत सुटला, आणि चौथा दिव्यानें जिंकला. बरोबरी म्हणजे डाव वायां गेला असें मानणाऱ्या पालकांनीं हे चार निकाल पुन्हां वाचावेत.

घड्याळ लावून खेळणारांसाठीं एक गोष्ट सांगावयाची राहिली. आपला वेळ संपला पण प्रतिपक्षाजवळ एकटा राजा असेल, तर आपण हरत नाहीं, बरोबरी होते. मात्र त्याच्याजवळ एकच घोडा आणि आपल्याजवळ एक प्यादें असेल, तर आपण हरलों! वरवर हें विपरीत दिसतें. पण कायदा असें पाहतो कीं, कोणत्याही चालींनीं कां होईना, मात शक्य होती काय? आपला राजा कोपऱ्यांत, त्याच्या पुढ्यांत आपलेंच प्यादें, आणि वरून घोड्याचा शह, अशी मात पटावर होऊं शकते.

आतां शेवटीं आज रात्रीं मांडून पाहण्यासाठीं एक स्थिति देतों. पांढऱ्याच्या बाजूनें पाहतां उजव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यांत काळा राजा ठेवा. त्याच्या तिरप्या रेषेंत, मध्यें एक घर सोडून, पांढरा राजा ठेवा. पांढरा हत्ती कोपऱ्याच्या शेजारच्या उभ्या ओळींत अगदीं खालच्या घरीं ठेवा. पाळी पांढऱ्याची आहे. हत्ती उचलून दोन राजांमधील रिकाम्या घरांत ठेवण्याचा मोह होईल. तसें केलें तर तत्काळ जिच. त्याऐवजीं पांढऱ्या राजानें सरळ वर एक घर जावें. काळ्याला कोपऱ्याखालचें एकच घर उरतें, आणि हत्ती शेवटच्या उभ्या ओळींत सरकून मात करतो.